एम्बार्गो उठला, सर

ढवळे सर गेले तेव्हा एम्बार्गो उठायला एकोणीस दिवस बाकी होते.

एकोणीस! एवढंही थांबता आलं नाही या माणसाला.

एम्बार्गो म्हणजे काय, तर लेख तुम्हीच लिहिलेला, पण दोन वर्षं तो कॉलेजच्या वेबसाइटवर फुकट टाकायचा नाही. हा प्रकाशकाचा नियम.

मी धारूरला कॉलेजात लायब्रेरियन. सर बॉटनीचे. डोंगरातल्या रानभाज्यांवर त्यांचा लेख मोठ्या इंग्रजी जर्नलमध्ये आला. स्टाफरूममध्ये पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापुढे, तोंड एवढंसं करून.

"मॅडम, माझाच लेख लोकांला उघडंना की!"

"सर, फॉर्मवर सही करताना वाचलं होतं का?"

"बाण होता तिथं. केली सही."

धन्य!

पण सरांचा जीव अडकला होता तो गयाबाईंसाठी. डोंगरातली एकेक भाजी सरांना त्यांनीच दाखवलेली, म्हणून सरांनी त्यांना लेखात सहलेखिका केलं. जर्नलने विचारलं, यांची संस्था कोणती?

सरांनी लिहून पाठवलं : बालाघाटचा डोंगर.

गयाबाई दर साली ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या यादीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. त्यात बाईचं नाव कुठून येणार? त्यामुळे त्यांचं एकच टुमणं, "सर, नाव छापलं म्हंता, मंग दाखवा की."

मी प्रकाशकाची पॉलिसी काढून वाचली. लेखकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर लगेच चालेल, पण आपली साधी टाइप केलेली प्रत. त्यांनी सजवलेली नाही.

"माझी कुठली आलीय वेबसाइट," सर म्हणाले. "घराची भिंत हाय. इचारा त्यांला, भिंत चालती का."

मी विचारलं, हो. नोकरीत काय काय करावं लागतं!

उत्तर आलं : आमच्या धोरणात भिंतीचा उल्लेख नाही. चौकशीबद्दल आभार.

"न्हाई तर म्हणले न्हाईत ना? झालं मंग!"

सव्वीस पानं इंग्रजी, घराच्या दर्शनी भिंतीवर. दोन दिवसांत शेजारच्या शेळीने संदर्भसूची खाल्ली. सरांनी तेवढी पानं पुन्हा छापली आणि वर लावली.

गयाबाई आल्या, नावावर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाल्या, "माझी लेक तिकडं कारखान्यावर असती. तिच्या फोनात ही भिंत येती का?"

सरांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन वर्षं दम धरा बाई. फोनात देतो, शब्द हाय माझा."

झालं! तेव्हापासून रोज सकाळी लायब्ररीच्या दारात हजर.

"उठला का?"

"नाही सर."

"लई झोपाळू हाय बगा हा एम्बार्गो."

रोज! मी वैतागायचे, फाइलमागे लपायचे. आणि गेले तीन आठवडे दाराकडे बघत बसते. इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

सरांचा पेनड्राइव्ह त्यांच्या पत्नीने, काकूंनी, आणून दिला. त्यात तीन फाइली. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'आता बास'. जर्नलच्या तपासनिसांच्या सगळ्या दुरुस्त्या झालेली, नियमात बसणारी प्रत होती 'आता बास'.

आज सकाळी ती कॉलेजच्या वेबसाइटवर अपलोड केली. लिंक गयाबाईंच्या लेकीला पाठवली. मायलेकी दोघी सध्या तोडीवरच आहेत.

दुपारी फोन आला. गयाबाईच होत्या, मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"लेकीनं वाचून दावलं. सर हायत का तिथं? द्या त्यांला."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मला सांगावं लागलं.

"बंद कर रं ट्रॅक्टर," त्या तिकडे कुणाला तरी म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "तुमीच सांगा मंग त्यांला. नाव बराबर हाय. पुरं हाय. नवऱ्याचं न्हाई, माझं हाय."

सर, निरोप पोचवला.

उठला एम्बार्गो. आता तुम्ही निवांत झोपा.

भावपूर्ण श्रद्धांजली, आम्हा दोघींकडून.