बाईंचा मूक व्यापार

आमच्या इतिहासाच्या सुमतीबाई दामले नौपाड्यातून शाळेत यायच्या त्या वाटेतल्या भाजीवालीशी घासाघीस करतच. व्याख्या घोकणाऱ्या मुलींवर तर त्या भडकायच्याच. "पोपट नकोत मला वर्गात!"

चौपन्न सालचा दसरा नुकताच झाला होता. मध्ययुगातल्या आफ्रिकेचा धडा होता. बाईंनी शाळेच्या अंगणात मिठाचा ढीग घातला. त्या मीठवाल्या, आम्ही सोनंवाल्या. सोनं म्हणजे घरोघरी उरलेली आपट्याची पानं! मीठवाल्याने मीठ ठेवून लांब जायचं. दुसऱ्याने शेजारी सोनं ठेवून लांब जायचं. मीठवाल्याला पटलं तर त्याने सोनं उचलायचं, नाहीतर वाट बघायची. चकार शब्द काढायचा नाही! हाच मूक व्यापार.

आम्ही पानं ठेवून पळालो. बाई ऐटीत आल्या, वाकल्या आणि कडाडल्या, "अगं, एवढ्या मिठाला दोनच पानं? लुटता काय मला!"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

सहामाहीत प्रश्न आला: मूक व्यापार म्हणजे काय? मी ठोकून दिलं, "जो आमच्या बाईंना सात जन्मांत जमणार नाही, तो."

बाई माझा पेपर नाचवत वर्गात आल्या. "पोरींनो, ही बघा व्याख्या!"