सोवळ्यातलं उठणं

ब्राह्मीआक्काची चाल सदलग्यात लांबूनच ओळखू यायची. आखूड पावलं, भार एकदा डाव्या अंगावर, एकदा उजव्या. पासष्टीत गुडघे दुखायला लागले तेव्हा लेकानं खुर्ची आणली, अंघोळीला स्टूल आणलं, आणि जो तो म्हणाला, आता बसून राहा. ती चार वर्षं बसून राहिली.

मागच्या चातुर्मासात जैन मुनिमहाराज तिच्या घरी आहाराला आले. पाय धुऊन झाले, तिनं खाली बसून नमस्कार केला आणि उठायला गेली तर मांड्यांनी दगाच दिला. सून प्रणिता उंबऱ्याबाहेर होती. शाळेतनं यायलाच तिला सात वाजायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम तिला जमत नव्हता, म्हणून ती सोवळ्यात नव्हती. सासू कलंडताना दिसली नि तिनं धावत येऊन काखेत हात घातला. सोवळं मोडलं. महाराज उठले आणि पाण्याचा घोटही न घेता गेले. दिवसातला त्यांचा एकुलता आहार चुकला, आता थेट दुसऱ्या दिवशीच. रागावलं कुणीच नाही, त्याचाच आक्काला जास्त त्रास झाला.

प्रणितानं तिला चिकोडीला दवाखान्यात नेलं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मांडी दाबून कन्नडमध्ये सांगितलं, आज्जी, गुडघ्यापेक्षा मांडीच वाळलीय, आणि बसूनच वाळलीय. हात न लावता खुर्चीवरून दहादा उठायचं, दहादा बसायचं. तेव्हापासून घरात दोन्ही वेळा ‘वंदू, येरडू, मूरू’ असं कन्नडमधलं एक-दोन-तीन ऐकू यायचं. पाचव्याला, ‘ऐदू’ला, घाम फुटे. सातव्याला वाटे, कशाला हे सगळं. मग खुर्चीऐवजी पाट, पाटाऐवजी जमीन. चाल काही सुधारली नाही.

यंदा महाराज पुन्हा गावात आले.

"आत्ती, शेजारच्यांच्या घरात द्या की आहार," प्रणिता म्हणाली. "तिथं धरायला सोवळ्यातली चार माणसं हाईत."

"उपास ह्या घरात घडला. त्यांच्यात न्हाय." आक्का म्हणाली, "आणि तू उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय. पडलो तरी."

महाराज आले. पाय धुतले, नमस्कार झाला. आक्कानं एक पाय उभा केला, मांडीवर दोन्ही हात दाबले. मांडी थरथरली आणि ती परत खाली बसली. बाहेर प्रणितानं चौकट धरली, स्वतःलाच धरून ठेवल्यासारखी. महाराज डोळे मिटून होते. आक्का मनात ‘वंदू’ म्हणाली, पुढं झुकली, आणि उठली.

मग महाराज उभे राहिले, ओंजळ पुढं केली. घास देताना तिची नजर त्यांच्या पायांकडं गेली. पोटऱ्या वाळलेल्या. एकदा तोल गेला, पण भिंतीला हात लावला नाही. पायांवर उभं राहता येतंय तोवरच त्यांचा आहार. तिला वाटलं, ह्यांचंही आत मोजणं चालूच असणार.

महाराज गेल्यावर ती खुर्चीत बसली ती बसलीच. सकाळपासून पोटात काही नव्हतं. प्रणितानं ताट वाढल्याचं सांगितलं. आक्का ‘वंदू’ म्हणाली. काहीच हललं नाही.

"धर गं आता," तिनं हात पुढं केला. "शिवलीस तरी चालतंय."