चेकच्या रकान्यात नसलेली हातोडी

वाक्य माझंच होतं. ‘ऑपरेटर फेल्ड टू चेक.’ चार शब्द. हुक्केरी सरांनी माझ्या स्क्रीनवर वाकून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “छान. शॉर्ट अँड स्वीट. आता खाली मारुती आप्पांची सही घ्या, म्हणजे संपलं.”

मी प्रिंट काढली. सही घ्यायची म्हणजे कारखान्याच्या शॉपमध्ये जाऊन माणसाशी बोलायचं, म्हणून आधी स्टेपलरच्या पिना भरल्या, मग पाणी प्यायले.

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी विभागात ट्रेनी होते. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना. आमच्याकडे ट्रकच्या चाकांजवळ बसणारे ब्रॅकेट बनतात. मला घेतलं ते बरंचसं इंग्रजीसाठी. माझी शाळा कॅम्पातली, इंग्रजी माध्यमाची. रिपोर्ट, मेल, प्रोसिजर हे सगळं माझ्याकडे यायचं. लिहायला मला जमतं. बोलायला कुठल्याच भाषेत जमत नाही.

त्या आठवड्यात कस्टमरकडून तक्रार आली होती. अकरा ब्रॅकेट त्यांच्या लाइनवर बोल्ट आवळताना तुटले. रस्त्यावर तुटले असते तर काय, हा विचार कुणी बोलून दाखवत नव्हतं. अशी तक्रार आली की रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात मुख्य रकाना रूट कॉजचा, म्हणजे चूक मुळात कुठून आली. कस्टमरचे क्वालिटीवाले साहेब गुरुवारी स्वतः येणार होते. त्याआधी त्या रकान्यात काहीतरी हवं होतं. प्रत्येक तपासणी शीटवर मारुती आप्पांची सही होती. मग काय, लिहिलं.

आप्पा फायनल इन्स्पेक्शनला. गाव जांबोटीच्या पलीकडे, बस दिवसातून मोजक्याच. म्हणून आठवडाभर जवळच्या मच्छे गावात खोली करून राहायचे आणि शनिवारी गावाकडे जायचे. एकोणीस वर्षं इथं, पण अजून कॉन्ट्रॅक्टरच्याच यादीत. त्या चार शब्दांखाली सही झाली की पुढे काय होणार ते मला माहीत होतं. कस्टमर विचारणार, ऑपरेटरवर काय ॲक्शन घेतली? आणि आम्ही लिहिणार, रिमूव्ह्ड. माणसाला ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायचं असतं, तेव्हा रिपोर्टात एवढाच एक शब्द लागतो.

आप्पांनी कागद हातमोजा काढून घेतला. तसं ते नेहमीच करायचे, कागद मळू नये म्हणून.

“काय लिवलंय ह्यात, म्याडम?”

“म्हणजे... तुमचं चेक करायचं राहिलं, असं.”

“कुठलं चेक?”

त्यांनी समोरच्या बोर्डावरची शीट काढून माझ्यापुढे धरली. बावीस ओळी. शीट मीच नव्याने टाइप केलेली. चेक सरफेस, चेक होल, चेक वेट, चेक कोड. प्रत्येक ओळ चेकनेच सुरू होत होती. टाइप करताना मला ते फार नीटनेटकं वाटलं होतं.

“ह्यातलं कुठलं ऱ्हायलं, त्ये तेवढं सांगा,” आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “सरफेस म्हंजे डोळ्यानं बघायचं, बघिटलं. होल म्हंजे त्यात मापाचा गेज घालायचा, घातला. वेट म्हंजे काट्यावर ठेवायचं. कोड म्हंजे वाचायचा. आणि ह्या शेवटच्या वळीत चेक म्हंजे निस्ती बरोबरची खूण मारायची, ती बी मारली. आता डोळ्याला दिसत न्हाय आन् गेजला घावत न्हाय, त्ये कुठल्या वळीत हाय?”

तशी ओळ नव्हती.

इथं थोडं लोखंडाबद्दल सांगायला हवं. आमच्या वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम टाकतात, त्यानं ते चिवट होतं. पण हा परिणाम काही मिनिटंच टिकतो. ओतायला उशीर झाला तर शेवटच्या दोन-तीन साच्यांतलं लोखंड ठिसूळ निघतं. बाहेरून ते इतरांसारखंच दिसतं. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, पण लॅबचा नमुना आम्ही ओतायला सुरुवात होतानाच घ्यायचो. तुटलेले अकरा ब्रॅकेट याच जातीचे होते, हे लॅबने एव्हाना सांगितलं होतं.

“मग असे पीस तुम्हाला कसे कळतात?” मी विचारलं.

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं. मग टेबलाखालच्या हातमोज्यांच्या खोक्यात हात घालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. छोटी हातोडी होती. दांडा हाताळून काळा झालेला. त्यांनी एक ब्रॅकेट हुकाला टांगला आणि हलकेच ठोका मारला. टण्ण. आवाज बराच वेळ हवेत राहिला. मग कोपऱ्यातल्या ढिगातला एक टांगला. तो ठक करून तिथेच थांबला.

“ऐकिलं? गावाकडं आमची म्हसरं रानात जात्यात. झाडीत दिसत न्हाईत. गळ्यातल्या घंटंच्या आवाजावरनंच हुडकायची. घंटा तडकली की त्येचा आवाज आसा मरतोय. हितं आलो तवाच मला ह्ये ओळखीचं वाटलं.”

“रोज वाजवून बघता?”

“एकूण एक पीस. मरक्या आवाजाचा भायेर काढतो. शीटवर त्येला नाव न्हाय, म्हून ‘अदर’मधी लिवतो.”

“मग हे अकरा कसे गेले, आप्पा?”

ते हातोडी फडक्यात परत गुंडाळायला लागले.

“ऱ्हाऊ द्या म्याडम. कुठं सही करायची?”

“सांगा ना.”

“आता काय सांगू? गेल्या म्हयन्यात त्ये सर्टिफिकेटवालं ऑडिट आलतं बगा, दोन दिवस. त्येच्या आदल्या दिवशी तुम्ही हातात यादी घिऊन फिरत आलतासा. टेबलावर हातोडी बघिटलासा आन् म्हणालासा, ‘एसओपीत नाही ते टेबलावर नको.’ मी आत ठिवली. दोन दिवस वाजवलं न्हाय.”

मला ते आठवलं. एसओपी म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत. ऑडिटच्या आधी आमच्याकडे जमिनीवरचे पट्टे पिवळे रंगवतात, डबे, फडकी, देवाचे फोटो आत जातात. यादी माझी होती. त्या पिवळ्या रंगाचा डाग माझ्या सेफ्टी शूजवर अजून होता. मी तेच बूट घालून आप्पांसमोर उभी होते.

“तुम्ही तेव्हा काही बोलला नाही?”

“तुम्ही थांबलासा कुठं?” आप्पा हसले. “पाठ फिरवूनच बोलत हुतासा. लई घाईत.”

घाई नव्हती. मला अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलता येत नाही. हे त्यांना सांगितलं नाही. सही न घेताच परत आले.

टेबलावर येऊन महिनाभराच्या शीट काढल्या. प्रत्येक ब्रॅकेटवर एक कोड उठवलेला असतो, त्यावरून तो कुठल्या दिवशी ओतला आणि शीटशी ताडून कुठल्या दिवशी तपासला ते निघतं. अकराच्या अकरा ब्रॅकेट त्या दोन दिवसांत तपासलेले. मग ‘अदर’चा रकाना बघितला. रोज चार, सहा, तीन, सात. ऑडिटच्या दोन दिवशी शून्य, शून्य. आम्ही तेव्हा त्या शून्यांवर खूश झालो होतो. मी स्वतः त्यांना हिरवा रंग दिला होता.

हुक्केरी सर तसे वाईट नाहीत. घरी कन्नड, ऑफिसात कन्नड, मराठी, इंग्रजी एकाच वाक्यात. त्यांचं निम्मं काम ‘चेक माडरी’, म्हणजे ‘चेक करा’, या दोन शब्दांवर चालतं. मेल आला का, चेक माडरी. ट्रक निघाला का, चेक माडरी. कुणाला नाही म्हणायचं असेल तर ‘चेक करून सांगतो.’ मी शीट त्यांच्यासमोर ठेवल्या आणि बोट दाखवलं.

“मग? याचा अर्थ काय?”

“सर, आप्पांची हातोडी दोन दिवस बंद होती. म्हणून पीस गेले.”

“म्हणजे कस्टमरला सांगायचं काय, ऑडिटमुळं माल खराब गेला? हसतील हो आपल्याला.”

“ऑडिटमुळं नाही, सर. माझ्यामुळं. हातोडी मी काढायला लावली.”

त्यांनी चष्मा काढला. “तुमचं प्रोबेशन संपायला किती आहे?”

“दोन महिने.”

“आणि हे लिहून देणार?”

“टाइप केलंय, सर.”

खरं म्हणजे टाइप केलं म्हणूनच तोंडून निघालं. सरांनी नवा कागद वाचला. चहा आला, तो प्यायले. मला वाटलं आता माझ्यासाठीही ‘रिमूव्ह्ड’सारखा एक शब्द सापडणार. पण ते उठले आणि म्हणाले, “कानावर मी विश्वास ठेवत नाही. चला, चेक करू.”

लॅबने आधीच तपासलेले दहा ब्रॅकेट आणले. त्यातले तीन ठिसूळ. खूण खालच्या बाजूला. आप्पांना काही न सांगता ते मिसळून ठेवले. आप्पांनी एकेक टांगला, वाजवला. सरांकडे बघितलंसुद्धा नाही. तीन ब्रॅकेट उचलून बाजूला ठेवले. तिन्ही खुणेचेच निघाले. मग त्यांनी चौथा एक परत टांगला, तीनदा वाजवला.

“ह्येचं मला न्हाय सांगता येत.”

“चांगला की वाईट, एक बोला,” सर म्हणाले.

“न्हाय येत म्हंजे न्हाय येत, साहेब. उगं कसं बोलू?”

लॅबच्या वहीत तो पीस काठावरचा निघाला. पास, पण जेमतेम. सरांनी वही बंद केली. मग मला म्हणाले, “गुरुवारी तुम्हीच प्रेझेंट करा.”

गुरुवारी कस्टमरचे साहेब आले. सगळं बोलणं इंग्रजीतून. मी कागद टेबलावर ठेवून वाचायला सुरुवात केली. रूट कॉजच्या रकान्यात आता लिहिलं होतं की तपासणीतली एक पायरी लेखी पद्धतीत नव्हती, म्हणून आम्ही ती दोन दिवस काढून टाकली.

साहेबांनी विचारलं, “आम्ही म्हणजे कोण?”

हुक्केरी सर खुर्चीत पुढे सरकले. ते काहीतरी गोल उत्तर देणार हे मला दिसलं.

“मी,” मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “शो मी द हॅमर.”

शॉपमध्ये त्यांनी अर्धा तास काढला. पुन्हा तेच दहा ब्रॅकेट. आप्पांनी पुन्हा तेच तीन काढले आणि चौथ्याला पुन्हा ‘न्हाय सांगता येत’. मी त्याचं इंग्रजी केलं. त्यावर साहेब पहिल्यांदा हसले. सगळ्या प्लांटमध्ये त्यांना ठाम उत्तरं मिळतात, म्हणाले, हे ‘सांगता येत नाही’ पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी स्वतः हातोडी घेऊन वाजवून बघितलं. दोन चुकले. आप्पा मला हळूच म्हणाले, “साहेबास्नी म्हसरं राखायला लावा की वरीसभर.” याचं मी इंग्रजी केलं नाही.

रिपोर्ट मंजूर झाला, अटींसह. लॅबचा नमुना आता शेवटच्या साच्यातून घ्यायचा. ओतायची वेळ घड्याळ लावून मोजायची. शंका आलेला पीस लॅबमध्ये जाणार. आवाजाची पायरी शीटवर चढवायची, शेजारी एक चांगला आणि एक ठिसूळ ब्रॅकेट कायम टांगून ठेवायचा आणि आप्पांनी आणखी दोघांना तयार करायचं. ऑपरेटरवरच्या ॲक्शनच्या रकान्यात साहेबांनी स्वतः ‘ट्रेनर’ लिहिलं. एकोणीस वर्षांत यादी न बदललेला माणूस पुढच्या महिन्यात कंपनीच्या यादीत गेला, कारण कॉन्ट्रॅक्टरचा माणूस ट्रेनर दाखवता येत नाही.

ते दोघं शिकतायत. तिसरी मी. माझे दहातले सात बरोबर येतात.

रिपोर्ट मंजूर झाला त्या आठवड्यात मी सगळ्या शीट पुन्हा टाइप केल्या. साच्यातले गाभे बनवणारा कोअर शॉप, वाळू, भट्टी, पॅकिंग. प्रत्येक ओळीपाशी जाऊन त्या माणसाला विचारलं, इथं चेक म्हणजे तुम्ही नक्की काय करता? वाळूवाला म्हणाला, मुठीत दाबतो आणि मोडून बघतो. पॅकिंगवाली आक्का म्हणाली, मोजते, आणि कमी असलं तर गाडी अडवते. ते तसंच लिहिलं. चेक हा शब्द आता पूर्ण फाइलमध्ये कुठेच नाही. तो ज्या ओळीत असतो तिथं लिहिणाऱ्याने विचारलेलं नसतं, एवढं मला कळलं. मी तर बावीस ओळींत विचारलं नव्हतं.

माझं कन्फर्मेशनचं पत्र वेळेवर आलं. त्यात कामाबद्दल एकच वाक्य आहे, ते सरांनी लिहिलंय. इंग्रजीची एक चूक आहे. मी दुरुस्त करून मागितलं नाही.

परवा पुन्हा ऑडिट होतं. आदल्या दिवशी यादी घेऊन फिरताना आप्पांच्या टेबलापाशी गेले, तर हातोडी जागेवर नव्हती. तिला आता नंबर आहे, लोखंडी बिल्ला आहे, बोर्डावर स्वतःची खुंटी आहे. खुंटी रिकामी.

“आप्पा, हातोडी?”

आप्पांनी जीभ चावली आणि वाकून हातमोज्यांच्या खोक्यात हात घातला.

“ऑडिट म्हणालं की हात आपसुक तिकडं जातोय बगा.”

मी तिथेच उभी राहिले, ती खुंटीला लागेपर्यंत.