कोरा सोडायचा रकाना

शाळेत शिकवताना मी पोरांना जन्मभर एकच गोष्ट बजावत आले. अर्जातला रकाना मोकळा सोडायचा नाही. त्या सवयीपायी सातपूरमध्ये एका भल्या माणसाचा हात मोडला.

आमच्या कॉलनीमागच्या नाल्यात एक टँकरवाला दिवसाढवळ्या कारखान्यांचं ॲसिडचं पाणी सोडायचा. महापालिकेत खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा आमची नागरी समिती दिल्लीच्या महासंघात सामील झाली. देशभरातल्या अशाच समित्या त्यात आहेत. एका गावाने तक्रार पाठवायची, महासंघाने तिच्या प्रती बाकीच्यांना वाटायच्या, त्यांनी पाठिंब्याची पत्रं जोडायची आणि मग सगळा गठ्ठा सरकारी कार्यालयांत जायचा. साक्षीदाराचं नाव मात्र वेगळ्या बंद पाकिटात, ते दिल्लीतच राहायचं. अर्जावरचा त्याचा रकाना कोरा सोडा, अशी स्पष्ट सूचना होती. मी ती वाचली होती. पण कोरा रकाना म्हणजे भित्रेपणा, असं माझ्या डोक्याने घेतलं आणि आमच्या अध्यक्षांचं नाव, पत्ता मी ठसठशीत अक्षरात लिहून टाकला. अध्यक्ष म्हणजे एका कंपनीतले निवृत्त फिटर. टँकरचे फोटो त्यांनीच काढले होते.

कुठकुठल्या गावांहून पत्रं आली. न पाहिलेली माणसं आमच्या नाल्यासाठी भांडत होती, मी हुरळून गेले. त्याच गठ्ठ्यातला आमचा अर्ज कुठल्याशा कार्यालयातून फुटला आणि टँकरवाल्याच्या हाती लागला.

सकाळी भाजीच्या गाडीपाशी मी आणि अध्यक्ष उभे होतो. मोटरसायकलींवरून तिघे उतरले. एकाने खिशातला कागद अध्यक्षांच्या नाकासमोर धरला, नाव वाचलं आणि विचारलं, "तूच ना?"

ते "हो" म्हणाले. पहिली सळई खांद्यावर बसली, दुसरी कोपरावर. हाड मोडलेलं ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं. ते खाली पडल्यावर दोघे त्यांच्या उजव्या पंजावर बुटांनी उभे राहिले. मेथीच्या जुड्यांवर रक्त उडालं. मी गाडीवरचं दोन किलोचं वजन उचलून कागदवाल्याच्या तोंडावर हाणलं. त्याचे दात पडले. खरं सांगते, मला बरं वाटलं. ते पळाले, कागद तिथेच राहिला. अक्षर माझं होतं. मी तो पदराखाली लपवला.

दिल्लीहून महासंघाचा फोन आला. "ताई, रकाना कोरा ठेवायचा होता. आमच्याही नजरेतून सुटलं. त्यांना तुम्ही सांगाल की आम्ही सांगू?" मी सांगते म्हणाले आणि चार दिवस हॉस्पिटलच्या फाटकावरून परत फिरले. मला लाज वाटत होती, त्याहून जास्त भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी त्यांच्या खाटेपाशी बसून मी सांगून टाकलं. "तुमचं नाव मी लिहिलं होतं."

"माहीत हाय, बाई. त्यानं कागद नाकाला लावला तवाच अक्षर वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही समिती सोडून घरी बसल्या असत्या. पाणी तसंच चालू ऱ्हायलं असतं."

मला रडू फुटलं. मागे त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आता सगळं ऐकलं होतं. तिने डबा स्टुलावर ठेवला आणि भरल्या वॉर्डात माझ्या थोबाडीत मारली.

"तुम्ही कागद भरले बाई," ती म्हणाली, "ह्यांना घास मला भरवाया लागतोय."

माझा कान वाजत होता. अध्यक्षांनी मला माफ केलं होतं, पण तिला थांबवलं नाही, आणि ते बरोबरच केलं.