वैजयंतीनं केलेल्या गच्च्या

वैजयंती डेंग्यूनं गेल्याचं आमच्या सरांनी फोनवर सांगितलं. मग म्हणाले, "सोलापूरचं काम आता तुझ्याकडे." कितीतरी महिने मला हेच वाक्य ऐकायचं होतं... ते असं येईल असं वाटलं नव्हतं.

वैमानिक आधी जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये शिकतात. त्याच्या काचेबाहेर दिसणारी गावं, रस्ते, झाडं आम्ही उपग्रहाच्या फोटोंवरून संगणकावर उभी करतो. सोलापूर आम्हा दोघींचं गाव. पण शहर तिला मिळालं आणि मला होटगीचं जंक्शन. मी फोटो मोठा करून एकेक रूळ जागेवर बसवला. ती मात्र उठून भवानी पेठेत जायची, कुणाच्याही गच्चीवर चढायची. एकदा मलाही ओढून नेलं. सूत वाळत घालणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, "इमानातनं आमचं सूत दिसतंय व्हय गं?"

"दिसतंय की मावशी. लाल घाला, लाल लई उठून दिसतंय."

मावशींनी तिला चहा दिला. मलाही मिळाला, तिच्याबरोबर होते म्हणून.

तिनं संगणकावरच्या गच्चीत घातलेलं ते सूत सरांना खटकलं. "रोज नसणारी वस्तू दाखवायची नाही. वैमानिक तिच्यावर भिस्त ठेवून वळेल."

"सर, विणकरांची भवानी पेठ आहे ती. सूत नसेल त्या दिवशी संप असेल."

सर हसले आणि सूत राहिलं. पुढे तपासायला आलेले कॅप्टन आमच्याच जिल्ह्यातल्या मोडनिंबचे निघाले. माझ्या होटगीवरून जाताना "बरोबर आहे" म्हणाले. शहर दिसलं तसे काचेकडे वाकून म्हणाले, "आलं की घर." माझं ते "बरोबर आहे" मी बरेच दिवस चघळत होते.

तिला जाऊन महिना होत आला. तिची फाइल उघडून मी आधी आमचं घर शोधलं. ती एकदाच आमच्याकडे आली होती, गच्चीवर बसून गेली. तिथं तिनं दोन खुर्च्या ठेवल्यात, कुठल्याच विमानातून दिसणार नाहीत एवढ्या लहान. अशा वस्तू आम्ही काढून टाकतो. काढण्याआधी मोठं करून पाहिलं, तर एका खुर्चीची हिरवी नायलॉनची पट्टी तुटून लोंबत होती. घरी येऊन पाहिलं. खरंच तुटलीय. मी रोज त्याच खुर्चीत बसते; मला कधी दिसली नव्हती.

परवा बाबा म्हणाले, पट्टी बदलून घेऊ.

"राहू द्या," मी म्हटलं. "मग तिचं चुकेल."