चिकूची वजाबाकी

डहाणू रोडला उतरलो आणि समोरच चिकूच्या टोपल्या. मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी आभाळाकडे. ह्यांना साखर निघाल्यापासून आमच्या घरात फळांवरून नुसता गोंधळ आहे. डॉक्टर म्हणतात, फळ खा, पण बेतानं. शेजारच्या काकू म्हणतात, जांभळाशिवाय कशालाही हात लावू नका. आणि मी ह्यांना नेमकी चिकूच्या मुलखात घेऊन आले होते.

रानशेतला ह्यांचे जुने सहकारी दामूभाऊ राहतात. वहिनींनी परसातल्या चिकूंची ताटली पुढे ठेवली आणि ह्यांचा निर्धार डळमळला. एक खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला मी डोळे वटारले.

जेवायला नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. हे पानावर बसेनात. "चिकू झाले ना, मग भाकरी वजा," म्हणाले. जेवणाआधीची गोळी मात्र इमानदारीत घेतली.

"असं कसं भावोजी, दोन घास तरी घ्या," वहिनी म्हणाल्या.

मला तो हिशोब पटला. उलट मी कौतुकच केलं.

तिथून भाचीला भेटायला जीपनं तलासरीला निघालो. हायवेवर उतरलो तर ह्यांचे हात थरथरत होते, कपाळावर घाम. चिकू बाधले! मग आठवलं, असा घाम फुटला तर साखर उतरलेली असते, असं डॉक्टर म्हणाले होते. पण दोन चिकू खाऊन उतरेल कशी? चढली की उतरली? माझं डोकंच चालेना.

समोरच्या टपरीवर ह्यांना बसवलं. "लवकर चहा द्या हो, ह्यांना साखर आहे!"

"मोळी देऊ ना, बेन?" चहावाल्यानं विचारलं.

मला वाटलं, जळणाची मोळी. चहाला लाकडं कशाला? "द्या, काय हवं ते द्या!"

हे चहा प्यायले. थरथर तशीच. उरलेला घोट मी तोंडाला लावला, तर ठार फिका.

"अहो, यात साखर कुठाय?"

"तुम्हीच बोललात ना, साखर आहे म्हणून? तर मोळी दिली, आमच्या गुजरातीत बिनसाखरेची."

"आहे, पण आत्ता नाहीये! घाला!"

"आहे का नाय, बेन?" तो बिचारा डबा धरून उभाच. मी डबा ओढून घेतला, पाण्यात साखर ढवळली आणि ह्यांना पाजली. वर पाव खायला लावला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "चिकूनं नाही, जेवण सोडून गोळी घेतल्यानं झालं. एकच चिकू खायचा, पण जेवायचं."

भाचीकडे न थांबता परतीची बस धरली. इतके महिने जी साखर मी घरातून हाकलत होते, तिच्यासाठीच परक्या टपरीवर भांडले होते. अजूनही मला हे प्रकरण नीट उमगलेलं नाही.

बसमध्ये ह्यांचा डोळा लागला. प्रत्येक थांब्याला मी ह्यांना हलवून बघत होते.

"अगं, झोपू दे की जरा!" हे खेकसले.

ते खेकसणं ऐकलं आणि मला रडूच फुटलं.