तांब्याची धार

पुण्याहून कोलकात्याला बदली झाली, तरी माशांच्या टाकीतल्या वनस्पतींसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड मी घरीच बनवत राहिलो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट, अन् झाकणातून थेट टाकीत सोडलेली नळी. प्रमाण पुण्याचंच ठेवलं. टाकीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरातला दंडकही तोच. "माशांच्या गावात येऊन मासे पाळणारे आपणच," बायको म्हणायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला. "अहो, सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतायत. बाटली दगडासारखी टणक झालीय."

इथल्या उकाड्यात यीस्ट दुप्पट जोमाने फसफसणार, हे मला सुचलंच नव्हतं. मासे गुदमरत होते.

"नळी पाण्याबाहेर काढ. बाकी कशाला हात लावू नकोस," मी खेकसलो आणि एस्प्लनेडला मेट्रो गाठली. जमिनीखाली फोन लागेना. प्रत्येक स्टेशनावर दारं उघडी राहिली की मी दात आवळत होतो.

घरात शिरलो, तर ती स्टुलावर उभी. टाकीतलंच पाणी तांब्याने उपसून उंचावरून परत टाकीत सोडत होती, म्हणजे हवा मिसळेल. तासभर तेच चाललं असावं. मासे पुन्हा तळाशी गेले होते.

"टाकीला हात लावलास?" सवयीने तोंडातून निघून गेलं.

धार न थांबवता ती म्हणाली, "हात नाही लावला. तांब्या लावलाय."